झाड हिरवंगार आहे, मग फुलत का नाही?

मोठी फुलझाडं लावणाऱ्यांची एक तक्रार सगळीकडे सारखी असते. झाड जोमानं वाढलंय, पानं तजेलदार आहेत, कीड नाही, पाणी वेळच्या वेळी, खतही वेळच्या वेळी. पण सात-आठ वर्षं होत आली तरी फुलाचा पत्ता नाही. आणि तिकडे रस्त्याच्या कडेला मुरमात उभा असलेला, कुणी कधी तांब्याभर पाणी न घातलेला गुलमोहर भर उन्हाळ्यात लालभडक झालेला. बागेतल्या झाडाचं बहुधा काही बिघडलेलं नसतं. त्याची जरा जास्तच काळजी घेतली जात असते, एवढंच.

उष्ण प्रदेशांत शोभेसाठी लावली जाणारी पुष्कळशी मोठी झाडं मुळात कोरड्या रानांतली आहेत. गुलमोहर मादागास्करच्या पानझडी जंगलांतला. निळा जॅकरांडा बोलिव्हिया आणि वायव्य अर्जेंटिनामधला. कर्ण्यासारख्या फुलांचा टॅबेबुया आणि चाफा (सोनचाफा नव्हे, देवचाफा) हेही अमेरिका खंडातल्या उष्ण पट्ट्यातले. पळस, बहावा, सावर, पांगारा ही आशियातली. या बहुतेक झाडांच्या मूळ जागी वर्षातले काही महिने पाऊस जवळजवळ नसतो, आणि त्यांचं सगळं वेळापत्रक त्यावर बसलेलं असतं. पावसाच्या दिवसांत पानं आणि फांद्या वाढवायच्या, अन्न साठवायचं. कोरड्या दिवसांत वाढ थांबवायची, पानं टाकायची आणि मग फुलायचं. फुलण्याचं काम या दुसऱ्या भागातलं. बारमाही पाणी देणारा माणूस नकळत तो भागच वर्षातून वगळून टाकतो.

फळबागांत हे ज्ञान जुनंच आहे. डाळिंब, लिंबू यांना बहार धरायचा तर आधी पाणी तोडून ताण द्यावा लागतो, हे तिथे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. शोभेच्या झाडापाशी आलो की मात्र आपण ते विसरतो.

कळीला निरोप कोण देतं

फांदीच्या टोकाशी आणि पानांच्या बगलेत वाढत्या पेशींचा बारीकसा पुंजका असतो. त्यातून पान होऊ शकतं, फांदी होऊ शकते किंवा फूल होऊ शकतं. काय व्हायचं ते हा पुंजका एकटा ठरवत नाही. त्याला पानांकडून निरोप येतो. असा निरोप असला पाहिजे, हे सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान यांनी १९३०च्या दशकात मांडलं आणि त्या तेव्हा न सापडलेल्या द्रव्याला ‘फ्लोरिजेन’ असं नाव देऊन ठेवलं. पानात तयार होऊन अन्नरसाबरोबर शेंड्यापर्यंत जाणारं एक छोटं प्रथिन म्हणजेच ते द्रव्य, हे पक्कं व्हायला २००७ साल उजाडावं लागलं.

पण पानांनी हा निरोप पाठवायचा कधी? थंड देशांतल्या झाडांना कडक हिवाळा आणि नंतर लांबत जाणारा दिवस या ढोबळ खुणा मिळतात. उष्ण प्रदेशांत हिवाळा असून नसल्यासारखा, आणि विषुववृत्ताजवळ तर दिवस-रात्र बारा-बारा तासांचे. तिथल्या झाडांना तीन गोष्टींवर भिस्त ठेवावी लागते: जमिनीचा कोरडेपणा, रात्रीचा सौम्य गारवा आणि सूर्याच्या वेळापत्रकातले बारीक बदल. कोणत्या जातीला यांतली कोणती खूण किती महत्त्वाची, ते वेगवेगळं असतं. तरी माळ्याच्या हातात असलेली खूण एकच, कोरडेपणा. बाकी दोन निसर्गाच्या हातात.

कोरडेपणाचा एक चांगला पुरावा कॉफीनं दिला. पाउलो आल्विम यांनी १९६० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं की कॉफीला सतत पाणी मिळत राहिलं तर तयार झालेल्या कळ्याही तशाच झोपून राहतात. आधी ताण बसला आणि मग पाणी मिळालं तर त्या उमलतात. कोरड्या दिवसांनंतरची पहिली चांगली सर आली की साधारण आठ-दहा दिवसांत कॉफीचा सगळा मळा एकदम पांढरा होतो तो यामुळे. यात एक बारकावा आहे, आणि तोच नेहमी निसटतो. नुसता ताण पुरत नाही. ताण आणि त्यानंतरचं पाणी ही जोडी लागते.

टॅबेबुयाच्या कुळाचा अभ्यास करणारे आल्विन जेंट्री यांनी १९७४ मध्ये या कुळातल्या झाडांच्या फुलण्याच्या तऱ्हा वेगळ्या केल्या. काही जाती महिनोन्‌महिने रोज थोडी थोडी फुलं देतात, तर काही वर्षातून एकदाच, पण चार-पाच दिवसांत होतं नव्हतं ते सगळं उधळून मोकळ्या होतात. या दुसऱ्या तऱ्हेला त्यांनी ‘बिग बँग’ म्हटलं. पनामातला पिवळा ग्वायाकान असाच वागतो. कोरड्या दिवसांत एखादी अवचित सर आली की त्यानंतर काही दिवसांतच दूरदूर विखुरलेली झाडं एकाच सुमारास पिवळीधमक होतात. आठवडाभरानं गेलात तर खाली नुसता सडा.

इथे एक साधा प्रश्न पडायला हवा. जमीन वाळलेली, झाडावर एक पान नाही, मग हजारो फुलांना लागणारं पाणी येतं कुठून? रॉल्फ बोर्खर्ट यांनी कोस्टारिकाच्या कोरड्या जंगलात याचा माग काढला आणि १९९४ मध्ये निष्कर्ष छापले. झाडाचं बहुतांश पाणी पानांवाटे हवेत जातं. पानं गळाली की ही गळती थांबते, आणि खोलवरची मुळं जे थोडंफार पाणी ओढतात ते खोडात साठू लागतं. सावर, पांगारा यांच्यासारख्या हलक्या, सच्छिद्र लाकडाच्या झाडांचं खोड म्हणजे पाण्याचा रांजणच असतो. तो भरला की पावसाची वाट न पाहता कळ्या फुगू शकतात. जड, घट्ट लाकडाच्या झाडांना एवढा साठा जमत नाही. कोरड्या जागी ती थांबतात आणि पाऊस आल्यावरच हलतात. पानगळ म्हणजे झाड सुकत चाललंय असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्या काळात झाड आतून भरत असतं. नेमकं तेव्हाच घाबरून त्याच्या बुंध्याशी नळी सोडली, तर फुलांच्या जागी नवी पालवी येण्याची शक्यता वाढते.

विषुववृत्तावर जिथे कोरडे महिनेही धड नसतात, तिथे झाडं कशावर चालतात? दिवसाची लांबी तिथे बदलत नाही हे खरं, पण सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळा वर्षभरात साधारण अर्ध्या तासाच्या पट्ट्यात मागेपुढे सरकतात. याच सरकण्यावरून झाडं एकमेकांशी वेळ जुळवत असावीत, असं बोर्खर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. माळ्याला याचा काडीचा उपयोग नाही, पण मला ही गोष्ट फार आवडते.

नत्राचं काय

पाण्यानंतरचा दुसरा अडसर खताचा. नत्र म्हणजे नायट्रोजन भरपूर मिळालं की झाड पालवीमागे पालवी काढत राहतं. पानांनी तयार केलेलं अन्न नव्या पानांतच खर्च होतं, साठा होत नाही, आणि वाढ थांबण्याची वेळच येत नाही. हिरवळीच्या मधोमध लावलेल्या झाडांचे सर्वांत जास्त हाल होतात. हिरवळीला रोज थोडं थोडं पाणी आणि वरचेवर युरिया लागतो. झाडाला नेमकं याच्या उलट हवं असतं. गवत आणि गुलमोहर यांतलं एक निवडा, असं मी तर स्पष्टच सांगतो.

‘फुलांसाठी स्फुरद’ (म्हणजे फॉस्फरस) हा सल्लाही जपून घ्यावा. ज्या जमिनीत स्फुरद मुळात कमी आहे तिथे त्याचा फायदा होतो. पण पुरेसं असताना वरून आणखी ओतलं तर फुलं वाढत नाहीत; उलट मुळांशी साहचर्यानं राहणाऱ्या उपयोगी बुरशीला बाधा येते आणि लोह घेणं झाडाला अवघड जातं. नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असं दिसलं तर ती लोहाची टंचाई असू शकते. चुनखडीच्या जमिनीत ती आपोआपही होते. अशा झाडाला आणखी नत्र देऊन पानं हिरवी करू पाहणं व्यर्थ आहे.

आणखी एक गैरसमज: शेंगा येणारी झाडं हवेतलं नत्र मुळांच्या गाठींत साठवतात, म्हणून त्यांना काहीच लागत नाही. पुष्कळ शेंगवर्गीय झाडं तसं करतात, सगळी नाही. बहावा गाठी करत नाही. त्याला वर्षाकाठी कुजलेल्या शेणखताचा हात दिला तर तो नाकारणार नाही.

हवा बघून झाड

‘उष्ण हवामान’ हा एकच शब्द तीन अगदी वेगळ्या परिस्थितींना वापरला जातो, आणि झाड निवडताना होणारी गफलत बहुधा इथलीच असते.

पहिली परिस्थिती ठरावीक पावसाळा आणि ठरावीक कोरडे महिने यांची. वर सांगितलेली सगळी मंडळी इथे खूश असतात. गुलमोहर, सोनमोहर, बहावा, पळस, सावर, टॅबेबुया, चाफा, तामण. यांतही जमिनीचा फरक आहे. तामण नदीनाल्याच्या काठी वाढणारं झाड, त्याला ओल चालते. चाफा आणि गुलमोहर यांच्या मुळाशी पाणी तुंबलं तर ती कुजतात. पळस बरड आणि खारवट जमिनीतही तग धरतो.

दुसरी परिस्थिती बारमाही पावसाची आणि दमट हवेची. इथे गुलमोहर लावला तर तो सावली देईल, फुलं मात्र तुरळक. जॅकरांडाची तर विषुववृत्ताजवळच्या दमट सखल भागात निराशाच होते. त्याला कोरडा आणि थोडा गार हिवाळा हवा. दक्षिण आफ्रिकेतलं प्रिटोरिया शहर तसाच हिवाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जांभळं होतं. बारमाही ओलाव्याच्या प्रदेशात त्याऐवजी सदाहरित, सावलीतल्या रानांची झाडं घ्यावीत. सीतेचा अशोक हे त्यांतलं एक. त्याच्या फुलात खऱ्या पाकळ्या नसतातच. नारिंगी-लाल दिसतात ती निदलं, म्हणजे एरवी कळीला झाकणारी बाहेरची दलं. कैलासपती हे दुसरं. त्याची फुलं फांद्यांवर न येता थेट खोडावर येतात आणि एका फुलात दोन तऱ्हेचे पराग असतात. मधल्या चकतीतले पराग बीजधारणेसाठी, आणि वर वळलेल्या फण्यातले मधमाश्यांना खायला.

आणि उर्वशी. म्यानमारचं हे झाड पाहिलं की बाकीची फुलझाडं थोडी ओबडधोबड वाटू लागतात. वनस्पतिशास्त्रज्ञ नाथानिएल वॉलिच यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केल्यावर युरोपातल्या धनिकांना त्याचा ध्यास लागला. ड्यूक ऑफ डेव्हनशायरनं त्यासाठी १८३५ मध्ये जॉन गिब्सन या तरुण माळ्याला भारतात धाडलं. इतकं करून ब्रिटनमधलं उर्वशीचं पहिलं फूल उमललं ते १८४९ मध्ये, ईलिंग इथे लुईझा लॉरेन्स यांच्या काचघरात. ऊब आणि दमटपणा दोन्ही अखंड लागणाऱ्या झाडाला लंडनजवळ फुलवणं ही खरोखर मर्दुमकी होती. उर्वशी आणि अशोक यांना ताण देण्याच्या फंदात अजिबात पडू नये. त्यांची मुळं कधीच पूर्ण सुकू द्यायची नसतात.

तिसरी परिस्थिती उन्हाळा कडक पण हिवाळ्यात एखाद-दुसरी रात्र हिमतुषाराची. इथे गुलमोहर कोवळेपणी मरतो. कांचन, थोडा मोठा झालेला जॅकरांडा आणि दक्षिण अमेरिकेतली काटेरी खोडाची गुलाबी सावर ही झाडं एवढा गारठा सोसतात.

फुलण्याचा महिना पुस्तकातून उचलू नये, हेही इथेच सांगून टाकतो. उत्तर गोलार्धात एप्रिल ते जूनमध्ये फुलणारा गुलमोहर दक्षिण गोलार्धात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फुलतो.

वय आणि जन्म

सगळं नीट असूनही फूल येत नसेल तर झाडाचं वय विचारावं. बीपासून वाढलेल्या झाडाला बालपण असतं आणि त्या काळात कोणताही ताण, कोणतंही खत त्याला फुलवू शकत नाही. गुलमोहराला साधारण ५ ते १० वर्षं लागतात. जॅकरांडाला त्याहून जास्तही लागू शकतात. टॅबेबुयाच्या काही जाती मात्र ३-४ वर्षांतच पहिली फुलं दाखवतात.

हे बालपण टाळायचा मार्ग म्हणजे फुलणाऱ्या झाडाच्या फांदीपासून रोप करणं. ती फांदी आधीच वयात आलेली असते. चाफ्याची हातभर फांदी कापून, तिचा चीक वाळून जखम भरेपर्यंत आठवडाभर किंवा थोडी जास्तच सावलीत ठेवून, मग भुसभुशीत मातीत लावली तर एक-दोन वर्षांत फुलू शकते. चाफ्याच्या फांद्या कुजण्याचं मुख्य कारण म्हणजे ओली जखम तशीच मातीत खुपसणं. पांगाराही फांदीपासून सहज लागतो. कांचन, टॅबेबुया यांची गुटी (फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडून) किंवा कलमं करतात.

कलमाची ताकद किती, ते हाँगकाँगच्या कांचनात दिसतं. १८८०च्या सुमारास तिथल्या किनाऱ्याजवळ एका मिशनरी पाद्र्याला जांभळ्या-गुलाबी मोठ्या फुलांचं एक झाड सापडलं. कांचनाच्या दोन जातींचा तो निसर्गतः झालेला संकर होता आणि त्याला बी धरत नव्हतं. आज जगभर या जातीची जी झाडं आहेत ती सगळी त्या एका झाडाच्या फांद्यांची वंशावळ. ते फूल १९९७ पासून हाँगकाँगच्या झेंड्यावर आहे.

बीच लावायचं असेल तर बहावा, गुलमोहर, सोनमोहर यांच्या बियांचं कवच फोडावं लागतं, कारण ते पाणी आत शिरू देत नाही. बीच्या कडेला कानशीनं किंचित घासावं, किंवा उकळून आचेवरून उतरवलेलं पाणी ओतून रात्रभर तसंच राहू द्यावं. सकाळी जे बी फुगलेलं दिसेल तेच पेरावं. न फुगलेल्यांना पुन्हा तोच उपचार. जॅकरांडा आणि टॅबेबुयाच्या पातळ पंखाच्या बियांना यातलं काही नको. त्या मातीवर पसरून वर चिमूटभर माती भुरभुरवली की पुरे. पळसाचं बी ताजं असतानाच, शक्यतो कायमच्या जागी पेरावं. त्याचं मूळ खोल जातं आणि उपटून दुसरीकडे लावलेलं त्याला मानवत नाही.

लावणी

लावणीबद्दल थोडक्यात, कारण इथे नियम बहुतेक झाडांना सारखे आहेत. खड्डा खोल नको, रुंद हवा: खोली मुळांच्या गड्ड्याइतकी, रुंदी त्याच्या दोन-तीन पट. खड्डा पाण्यानं भरून पाहावा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर तिथे चाफा-गुलमोहर लावू नये, किंवा उंचवटा करून लावावा. भरताना तीच निघालेली माती वापरावी. सगळा खड्डा खतानं भरला तर मुळं त्या मऊ जागेतच घोटाळत राहतात आणि बाहेरच्या जमिनीत शिरायला कुरकुरतात. खत वरून, आच्छादनाबरोबर द्यावं.

पिशवीत वाढलेल्या रोपाची मुळं गोल फिरलेली असतात. ती तशीच गाडली तर फिरतच राहतात, जाड होतात आणि काही वर्षांनी खोडालाच आवळतात. ती मोकळी करावीत, गोल गेलेली कापावीत. कापायला जीव होत नाही, पण कापावीत. मूळ जिथून फुटतं तो बुंध्याचा फुगवटा जमिनीच्या पातळीवर दिसला पाहिजे. पालापाचोळ्याचं ४-५ बोटं जाडीचं आच्छादन करावं, मात्र बुंध्याला टेकू देऊ नये. आधाराची काठी वर्षभरात काढून टाकावी, कारण वाऱ्यानं डोलल्याशिवाय खोड जाड होत नाही. आणि रोप लहानच घ्यावं. उंच, मोठं रोप नव्या जागी रुळायला वेळ घेतं, तोवर लहान रोप त्याला गाठतं.

अंतराच्या बाबतीत कंजुषी करू नये. गुलमोहराचा विस्तार १०-१२ मीटरपर्यंत पसरतो, मुळं वरवर धावतात आणि मोठेपणी फरशा उचलतात, लाकूडही ठिसूळ. इमारतीपासून ८ मीटर तरी लांब. बूच, म्हणजे आकाशमोगरा, वादळात पडतो म्हणून बदनाम आहे आणि मुळांतून फुटवे काढत राहतो. सुगंधासाठी हवाच असेल तर रहदारीपासून दूर कुठेतरी. ऊन मात्र सगळ्याच पानझडी फुलझाडांना रोजचं निदान सहा तास, थेट. दुसऱ्या झाडाच्या सावलीत ती उंच होतात, फुलत नाहीत.

ताण कसा द्यायचा

पहिली दोन-तीन वर्षं ताणाचा विचारही करू नये. या काळात मुळं खोल जायला हवीत, आणि ती पाणी देण्याच्या पद्धतीवर ठरतात. रोज बादलीभर पाणी दिलं तर मुळं वरच्या वितीतच राहतात. आठवड्यातून एकदा-दोनदा, पण हातभर खोल भिजेल एवढं दिलं तर ती पाण्यामागे खाली जातात. झाडाबरोबर आळंही रुंद करत न्यावं, कारण पाणी घेणारी कोवळी मुळं बुंध्याजवळ नसतात. फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही बाहेर असतात.

चौथ्या-पाचव्या वर्षी पावसाळा संपला की पाण्यातलं अंतर वाढवायला सुरुवात करावी. आठवड्यावरून पंधरवडा, पंधरवड्यावरून महिना, मग बंद. एकदम तोडू नये. नत्राचं खत तर पावसाळ्याच्या उत्तरार्धातच थांबवावं. काही आठवड्यांत पानं निस्तेज होतील, पिवळी पडतील, गळतील, गळू द्यावीत. जमीन काळी, चिकट असेल तर ताण बसायला वेळ लागतो, मुरमाड असेल तर लवकर बसतो, म्हणून दिवस न मोजता झाडाकडे बघावं. फांदी वाकवून पाहावी. लवत असेल आणि नखानं खरवडल्यावर साल आतून हिरवी दिसत असेल तर झाड ठीक आहे. फांद्यांची टोकं सुरकुतू लागली किंवा कडकन मोडू लागली तर ताण जास्त झाला, पाणी द्यावं.

कळ्यांचे फुगवटे दिसू लागले की एकदा खोल, भरपूर पाणी द्यावं. ही ती जोडी. त्याआधी दिलेलं पाणी पालवीकडे जाण्याची भीती, आणि नंतर अजिबात दिलं नाही तर कळ्या गळण्याची.

हे करूनही पहिल्या वर्षी फक्त दोन-चार झुबके आले तर निराश होण्याचं कारण नाही. जोरदार फुलल्यानंतरच्या वर्षी मोठी झाडंही हात आखडता घेतात, विशेषतः शेंगा खूप धरल्या असतील तर. बी भरण्यात अन्नाचा बराच साठा जातो. तरुण झाडाच्या कोवळ्या शेंगा हाताशी येत असतील तर काढून टाकाव्यात.

कात्री कधी लावायची

फुलं न येण्यामागे कात्री कितीदा असते, याची लोकांना कल्पना नसते. झाडाची कळी कोणत्या फांदीवर येते, एवढं एक कळलं की छाटणी कधी करायची तेही कळतं. तामण चालू हंगामाच्या नव्या फुटीवर फुलतो. त्याला पालवी फुटण्याआधी छाटलं तर फुलं वाढतात. बहावा, पांगारा, टॅबेबुया हे मागच्या हंगामात वाढलेल्या फांद्यांवर फुलतात. त्यांना फुलं संपल्या संपल्या छाटावं. पावसाळ्यानंतर ‘झाड नीटनेटकं करून घेऊ’ म्हणून त्यांच्यावर कात्री चालवली तर पुढच्या उन्हाळ्याची फुलं तिथेच खाली पडली म्हणून समजा. चाफ्याचा तुरा फांदीच्या टोकाला येतो. टोक कापलं की त्या वर्षीचं फूल गेलं, पण तिथून दोन-तीन फांद्या फुटतात आणि नंतर तितके तुरे मिळतात.

जॅकरांडाला शक्यतो हातच लावू नये. फांदी छाटली की तिथून सरळसोट उभे फुटवे निघतात, ज्यांना बागायतदार पानसोट म्हणतात, आणि झाडाचा पसरट डौल कायमचा बिघडतो. गुलमोहराचं उलट आहे. तो लहानपणीच खालून दुभंगतो आणि मोठेपणी ती बेचकी फाटते. म्हणून पहिल्या तीन-चार वर्षांत एक मुख्य खोड राखून बरोबरीच्या फांद्या आखूड कराव्यात. कुठल्याही झाडाचा सरसकट शेंडा उडवणं मात्र वाईटच. त्यातून नुसती पानांची गच्च छत्री तयार होते, नव्या फांद्यांचा सांधा कच्चा राहतो आणि वय झाल्यावर त्या वाऱ्यात उतरतात.

लावण्याआधी दोन चौकश्या

एक, तुमच्या भागात त्या झाडाची एखादी साथ चालू आहे का. पांगाऱ्याच्या पानांवर गाठी आणणारी एक अतिसूक्ष्म गांधीलमाशी २००४ मध्ये विज्ञानाला प्रथम ठाऊक झाली आणि २००५ मध्ये ती हवाई बेटांवर पोहोचली. तिथल्या बागांतले पांगारे मोठ्या संख्येनं मेले आणि त्या बेटांचा स्वतःचा विलिविली हा पांगाराही संकटात आला. त्या माशीवर जगणारी दुसरी गांधीलमाशी आफ्रिकेतून आणून २००८ मध्ये सोडली, तेव्हा विलिविलीला थोडा श्वास मिळाला. जिथे ही माशी आहे तिथे पांगाऱ्याची नवी फांदी दुसऱ्या गावाहून आणू नये. गुलमोहराची पानं फस्त करणाऱ्या अळीचं तसं नाही. ती झाड उघडं करते खरी, पण धट्टंकट्टं झाड पुन्हा पालवतं. मोठ्या झाडावर फवारण्या करण्यात अर्थ नसतो.

दोन, ते झाड तिथे तण झालंय का. आफ्रिकेतलं लाल-नारिंगी फुलांचं झाड, पिचकारी, जगातल्या सर्वांत घातक १०० आक्रमक जीवजातींच्या यादीत आहे. तिच्या एकेका शेंगेतून शेकडो हलक्या बिया वाऱ्यावर जातात आणि पॅसिफिकमधल्या बेटांवर तिनं मूळच्या रानात शिरकाव केला आहे. प्रिटोरियाची ओळख बनलेल्या जॅकरांडावरही दक्षिण आफ्रिकेत आक्रमक म्हणून निर्बंध आहेत. जुनी झाडं राखली, नव्या लावणीला मात्र अटकाव. स्थानिक वनखात्याकडे अशी यादी बहुधा मिळते. यादीतलं झाड असेल तर ‘शेंगा पिकण्याआधी काढून टाकू’ या भरवशावर ते लावू नये. वीस मीटर उंचीवरच्या शेंगांपर्यंत कुणी पोहोचत नाही.